'बाहेरचं' म्हणजे काय

३ फेब्रु. ८८, जळगाव
सरकारी खर्चानं लढवायची खुनाची केस गळ्यात. आरोपी सुपडू, अमळनेरकडचा शेतकरी. चुलत्याला कुऱ्हाडीनं मारलं, नि मग शेजारी बसून त्याच्याशीच गप्पा! शुद्धीवर नव्हता हे शेंबडं पोरही सांगेल. पण कोर्टात वेड आम्हीच शाबीत करायचं. कित्येक वर्षांचा त्रास, आणि एकदाही दवाखाना नाही. भूतबाधा म्हणून सगळं भगताकडे. भगत केसपेपर देतो थोडाच! माझंच डोकं फिरणार आता.

९ फेब्रु.
तुरुंगात भेट. सुपडू म्हणे, "काका उना का?" आला का म्हणून विचारतो, आणि ज्याला मारलं तोच हा काका. साक्षीला फक्त त्याची आई, अक्का. सगळी भिस्त तिच्यावर.

१२ फेब्रु.
बोंबललं!
सरकारी वकिलानं गोड आवाजात विचारलं, "मुलगा वेडा आहे का हो?" अक्का ताठ. "नही साहेब. मना पोऱ्या येडा नही शे. त्याले बाहेरनं शे."
जज्जसाहेब घाटावरचे, अहिराणी कळेना. लिहून घेतलं, "माझा मुलगा वेडा नाही." बाहेरचं राहिलं बाहेरच. मी उठून विचारलं, बाहेरचं म्हणजे काय? तर पदर तोंडाला लावून गप्प. लोक हसले.
व्हरांड्यात चिडलो तिच्यावर. एक शब्द बोलायला काय जात होतं? म्हणाली, "धाकलीनी सोयरीक व्हयेल शे. येडाना घरनी पोर कोन करी, वकीलभाऊ?" खरंच होतं ते. राग मात्र गेला नाही.

१७ फेब्रु.
तिला परत तपासायचा अर्ज भांडून मंजूर करून घेतला. उद्याच.
संध्याकाळी अक्का घरी आली. सौ.नं वाढलं, तिनं ताट बाजूला सारलं. म्हटलं, खोटं बोलू नका, तो काय काय करायचा तेवढं सांगा. वेडा शब्द मी विचारेन, तुम्ही हो म्हणा.
"मंग सोडतीन त्याले?"
फाशी-जन्मठेप टळेल, म्हटलं. पण घरी नाही सोडणार. आधी वेड्यांच्या इस्पितळात.
उठून दारापर्यंत गेली. मग, "धाकलीना सासरा बी ई सकस का कोर्टमा?"
कोर्ट उघडं असतं, कुणीही येतं. हेही मलाच सांगावं लागलं. चीड आली, कोणाची ते कळेना.
"सकायले येसू," म्हणून गेली. काय बोलणार ते सांगितलं नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.