मळवलीच्या बंगल्यात चव्वेचाळीस माणसं

तीर्थस्वरूप भिमाजीमामांच्या पायाशी मळवलीहून भाचा अमृतचा नमस्कार. तुमचा खोकला थांबला असेल, मामींचा गुडघा वाकत असेल आणि वडिवळ्याची लावणी आटोपली असेल, असं धरून चालतो. (तुमच्या वस्तीवर फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी तिकडे येणाऱ्या उमेशच्या हाती देतोय.) मी आणि तुमची भाचेसून कोमल, दोघं बरे आहोत. मागच्या शनिवारी मात्र तशी खात्री नव्हती.

झालं असं की, मी राखतो त्या बंगल्यासाठी तळेगावच्या एका मंडळाचा फोन आला. बावीस माणसं, शनिवार-रविवार, जेवण शाकाहारी. मी वहीत लिहिलं. दोन दिवसांनी मी गवत कापत होतो, तेव्हा कोमल म्हणाली, "मंडळाचा फोन आल्ता. बावीस माणसं, शनिवार." मला वाटलं, पक्कं करायला केला असेल. शनिवारी दहाला पाहतो तर फाटकात दोन गाड्या. एकीतून टाळ उतरले, दुसरीतून पुस्तकांची खोकी. पहिलं तळेगावचं भजनी मंडळ, म्होरके दत्तोबा आबा, रेल्वेतून निवृत्त. दुसरं पुण्याचं, देव न मानणाऱ्यांचं, म्होरक्या माधवी मॅडम, कॉलेजात गणित शिकवायच्या. गाद्या बावीस, तांदूळ बावीस माणसांचा. आणि बंगल्याचे मालक शेठ मागेच म्हणाले होते की अजून एक घोटाळा झाला तर मागची खोली रिकामी करायची. (म्हणजे आमचं घर.)

मी पाया पडायच्याच बेतात होतो, तेवढ्यात दत्तोबा आबांनी आकाशाकडे बघून हात जोडले. "ही भेट त्यानंच घडवली," म्हणाले. माधवी मॅडम म्हणाल्या, "हा निव्वळ योगायोग आहे." झालं, सामान फाटकातच ठेवून दोघं पायरीवर बसले आणि जुंपली. माझी चूक असेल, हे चव्वेचाळिसांतल्या एकालाही सुचलं नाही. मीही सुचवलं नाही.

भाज्याची लेणी बघायची राहिली बाजूला, भजन राहिलं बाजूला. देव आहे का, असला तर त्याला आकार आहे का, नैवेद्य खातो तर ताट तसंच कसं राहतं, असं दुपारपर्यंत चाललं. मी चहा फिरवत होतो. मॅडमनी विचारलं, चव्वेचाळीस माणसं येणार हे तुमच्या देवाला ठाऊक होतं, तर त्यानं या राखणदाराला सांगितलं का नाही? आबांनी बराच विचार केला. "सांगितलं आसंल," ते म्हणाले, "यानं ऐकलं नसंल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपबशा गोळा केल्या.

मग मॅडमना योगायोगाचा पुरावा हवा झाला. "नोंदवही आणा," म्हणाल्या. मी कपबशा पुन्हा मोजायला घेतल्या, कारण वहीत ओळ एकच. पण आबा म्हणाले, श्रद्धेला वही लागत नाही, आणि वाद त्या वाटेनं निघून गेला. त्या क्षणी मी आबांच्या बाजूचा झालो. (आमटी वाढताना मॅडमनी स्वतः उठून पातेलं धरलं, तेव्हा पुन्हा डळमळलो.)

जेवायला भात सगळ्यांना पुरला. आबा म्हणाले, त्याची कृपा. मॅडम म्हणाल्या, लोकांनी बेतानं घेतला. कोमल आतून म्हणाली, "शेजारच्या भागूबाईकडनं पातेलंभर तांदूळ आणलाय मी." ते कुणी ऐकलं नाही.

जेवणानंतर मॅडमनी जरा हळू आवाजात विचारलं, "आबा, खरं सांगा. तो तुमचं ऐकतो?" आबा म्हणाले, "म्हायती न्हाई. घरात मी एकलाच ऱ्हातो. कुणाशी तरी बोलाय लागतं." मॅडमनी मग आपल्या वाटचं ताक आबांपुढे सरकवलं.

चारला शेठचा फोन आला. शेजारच्या बंगल्यातून कुणीतरी दोन गाड्यांचं कळवलं होतं. मी नुसतं "हो शेठ, हो शेठ" करत होतो, तेव्हा मॅडमनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "आमचं दोन्ही मंडळांचं मिळून चर्चासत्र चालू आहे." (तोवर ते खरंच झालं होतं.) मग आबांनी घेतला आणि व्यवस्था फार छान असल्याचं सांगितलं. गादी दोघांत एक वाटली होती, तरीही. शेठ खूश झाले. खोली राहिली.

मामींना नमस्कार, धाकट्या तेजलला आशीर्वाद.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. निकाल लागला नाही, म्हणून दोन्ही मंडळं पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी परत येतायत. दोघांना चालेल असा पंच हवा होता. मी भरात बोलून गेलो की माझे मामा बारा वर्षं याच प्रश्नावर विचार करतायत. तरी धोतर नेसून सकाळच्या लोकलनं उतरावं. कुणी काही विचारलं की तुम्ही नेहमी म्हणता तसं "बघू" म्हणावं. तेवढ्यानं दोन दिवस सहज निघतील.

ता. क. दुसरं. हे पत्र कोमलला वाचून दाखवलं. ती म्हणते, दुसऱ्या फोनवर मॅडमनी आपण देव मानत नाही हे आधीच सांगितलं होतं, आणि मंडळं दोन आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस म्हणून विचारलं. म्हणाली, "लय गोड बोलत व्हत्या, न्हाई म्हनवंना. आन् बंगला येवढा मोठा, रिकामा पडल्याला." आता हे आबांना सांगायचं, मॅडमना सांगायचं की दोघांनाही नाही, ते पंच म्हणून तुम्हीच ठरवा.