नारिन बसस्थानकातला तुझा आवाज

नारिन

चिरंजीव सांजार यास तोक्तोसुनमामाचे पोटभर आशीर्वाद. तब्येत जपतोस ना? वॉर्सातली थंडी आपल्यापुढे काहीच नाही, असं तू आईला सांगतोस आणि ती विश्वास ठेवल्यासारखं करते. इकडे सगळं क्षेम आहे. माझा गुडघा होता तसाच, घोड्याला मात्र पडसं झालंय.

आता बसस्थानकाची हकीकत. तू गेल्यापासून इथला संगणक मीच सांभाळतो (म्हणजे तू शिकवलंस तेवढं करतो, बाकीच्याला हात लावत नाही). तिकिटं, वेळापत्रक, गाड्यांच्या घोषणा, एकेक प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या बंद डब्यात, सुखाने नांदत होता. पण आपले व्यवस्थापक कासिमबाय बिश्केकला बैठकीला गेले आणि परत येऊन म्हणाले, "सगळं अपडेट करा. जुनं काही ठेवायचं नाही." (स्वतःची टोपी सोडून.) तिकिटांचा कंटेनर बदलला, सुरळीत चालला. वेळापत्रकाचा बदलला, तोही चालला. मग मला चेव आला. घोषणांचा जुना कंटेनर बंद केला आणि नव्या आवृत्तीचा उभा केला. दुपारची बिश्केकची गाडी लागली, आणि कर्ण्यातून कुणी अनोळखी बाई गोड गोड बोलायला लागली.

तुझ्या आवाजातल्या घोषणा तू कंटेनरच्या आतच ठेवल्या होत्यास. कंटेनर बदलला की आतलं सगळं जातं, जपायचं ते बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवावं, हे मला तूच घोकायला लावलंस, आणि स्वतः आवाज आत ठेवून निघून गेलास.

नेमकी तुझी आई बाकावर होती. (तुला ठाऊक नसेल. बाजार उरकला की ती रोज येते, सुक्या दह्याचं कुर्त चघळत बिश्केकची गाडी सुटेपर्यंत बसते. जायचं कुठेच नसतं.) ती खिडकीशी आली.

"तोक्तोसुन, ही कोण?"

"नवी आवृत्ती आहे, ताई."

"आणि माझा कुठाय?"

"येईल."

"कधी?"

कर्ण्याकडे बघत तीच म्हणाली, "रेकॉर्ड केलं तेव्हा त्याचं नाक चोंदलं होतं. 'बिश्केक' म्हणताना अडायचा. हिला बघ, काहीसुद्धा झालेलं नाही."

मग मीच भोंगा घेऊन तुझी नक्कल केली. एक ड्रायव्हर म्हणाला, "मामा, गाडी सोडताय की मेंढरं हाकताय?" सगळे हसले. तुझी आई म्हणाली, "तू नको रे बोलूस," आणि गाडी सुटायच्या आधीच घरी गेली.

तर बाबा, घोषणा पुन्हा रेकॉर्ड करायला हव्यात. तिकडून पाठवू नकोस, एवढ्या लांबून आवाज चपटा होऊन येतो (हे मी स्वतः ठरवलंय). बर्फ वितळलं की स्वतः ये.

तुझा,
तोक्तोसुनमामा

ता. क. जुना कंटेनर मी नुसता बंद केला होता, काढून टाकला नव्हता, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. त्यातून तुझ्या घोषणा काढून बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. आता पुन्हा तूच गाड्या सोडतोयस.

ता. क. २ तुझ्या आईने सगळ्या घोषणा ऐकल्या. मग म्हणाली, "आवाज सापडला, हे त्याला कळवायचं नाही." मी तसं कबूल केलंय. तेव्हा तुला हे माहीत नाही. ये.