पाळकाचं रक्त

प्रिय आत्या,

आपल्या घराण्यातल्या पहिल्या बॅप्टिस्ट पाळकाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूची, वंशावळ जुळवायला बाबांनी मला बसवलंय. आठवडाभर चर्चच्या दप्तरखान्यात त्याची रोजनिशी वाचतेय. खिडकीतलं ऊन पानांवर उतरलं की शाई पाण्यासारखी हलते, आणि मीही त्याच्याबरोबर लोकांना बाप्तिस्मा देत नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी आहे असं वाटतं.

काल एक नोंद सापडली. ‘बाप्तिस्मे आटोपून परतताना रिकाम्या होडीत तान्हं मूल दिसलं. कुणी न्यायला आलं नाही. बायको म्हणाली, आता हा आपलाच.’ त्यांना स्वतःचं मूल कधी झालंच नाही. आपण सगळे त्या मुलाचे.

तू अनाथ मुलगी लेक म्हणून घरी आणलीस, तेव्हा “पाळकाच्या रक्तात भेसळ नको” म्हणत बाबांनी तुला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. मी दाराआड होते. बाहेर आलेच नाही.

संध्याकाळी मी ती नोंद बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “तिच्या मुलीचं नाव काय गं?”

मी ते कधी विचारलंच नव्हतं, आत्या. तुझा पत्ताही आमच्याकडे नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. वंशावळीत तुझ्या नावाखाली जागा मात्र सोडली आहे.

तुझी,
दाराआडची भाची