पाचवी सीट

५ जाने. २००४, सोम.
ठाण्याला आरटीओत गेलो. मारुतीला पंधरा वर्षं झाली, फेरनोंदणी. तपासणीच्या साहेबांनी (तरुण, सभ्य) दार उघडून आत डोकं घातलं. ड्रायव्हरशेजारी सीट नाही, नुसता लाकडी पाट. आरसी बुकात पाच माणसं, गाडीत सोय चौघांची. त्यांना सांगितलं, बायकोचा गुडघा वाकत नाही, मागे बसते, पाय लांब करून पाटावर ठेवते.

वाकत नाही. बसते. ठेवते. सुधाला जाऊन दिवाळीत वर्ष झालं आणि माझी जीभ...

साहेब म्हणाले, विनापरवानगी असा बदल चालत नाही, पण अपंग माणसासाठी रीतसर परवानगी मागता येते. "मॅडमना घेऊन या, बघतो मी."
आणतो म्हणालो.

६ जाने.
खोटं बोललो याचं काही वाटत नाही. तेवढा वेळ ती घरी होती, एवढंच.

आता मूळ सीट परत बसवण्यावाचून गत्यंतर नाही. सीट गॅलरीत. संध्याकाळचा चहा मी तिच्यावरच बसून घ्यायचो, सु. शेजारी खुर्चीत. तिचा टोमणा ठरलेला: सीट काढलीत ती स्वतःच्या चहासाठी, माझ्या पायाचं नुसतं निमित्त.

आज चहा ओट्यापाशी उभ्यानंच घेतला. गॅलरीत जाववलं नाही.

१० जाने., शनि.
सीट घेऊन पापडीला, पास्कूच्या गॅरेजात. तेव्हा काढलीही त्यानंच होती. सु. गेल्यावर मातीलाही आला होता. नट पिळायला लागला तसं म्हटलं, राहू दे सैल, तपासणीपुरतंच तर आहे.
"नाय काका. ब्रेक मारला तर बसलेला मानूस काचेवर जाईल."
"बसणार कोण आहे?"
तो पिळत राहिला.

पाट मागच्या सीटवर ठेवला, घरात न्यावासा वाटेना. निघताना पाना मागून घेतला. पासिंग झालं की सीट मीच काढेन.

१६ जाने., शुक्र.
झालं एकदाचं पासिंग. साहेबांना चेहरा लक्षात होता. "मग मॅडमची सोय?" म्हटलं, मागे बसते, जमवून घेते. सही केली त्यांनी.

येताना घोडबंदरला पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला. माझा डावा हात आपोआप शेजारच्या सीटपुढे आडवा गेला. सु.चा गुडघा धड होता तेव्हाची सवय. मला वाटलं होतं मोडली. ट्रक सुटला तरी हात तसाच. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

आचोळ्याला आमच्या बिल्डिंगखाली सावंतवहिनी भेटल्या, पहिल्या मजल्यावरच्या. म्हणाल्या, बरं झालं, पुढची सीट आली, रविवारी वसईला जाणार असाल तर मलाही न्या. बहुतेक हो म्हणालो मी.

पाना अजून डिकीतच आहे.