डोंगर एल्फ खोटं बोलत नाही

मी, देवमन नत्थुजी वानखडे, वय ६७, धंदा बुकबाइंडिंग, राहणार अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. राग आलेला आहे, पण त्याने अक्कल गेलेली नाही.

१. राहतं घर पत्नी गोदाबाईचं, तिच्या पश्चात मुलगी आचलचं. यावर कोणी वाद घालू नये.

२. कागद कापायची मशीन भागीरथाबाईंना. वीस वर्षं पुस्तकांची शिवण त्यांनी घातली आणि नाव माझं झालं.

३. आता खरी मालमत्ता. ‘सातपुड्याची गादी’ हा खेळ मी आणि माझा मित्र कुर्बान यांनी १९९९ साली बनवला. एकेकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. त्यात एल्फांच्या, म्हणजे इंग्रजी परीकथांतल्या जादूच्या लोकांच्या, तीन जमाती आहेत: रान, झरा आणि डोंगर. तिघांचेही कान लांब, आयुष्य हजार वर्षांचं. या खेळाच्या नियमांची मूळ वही आचलला मिळावी.

४. कारण लिहितो. डोंगर एल्फ आचलने नऊ वर्षांची असताना बनवला. त्याला अंधारात दिसतं, पण खोटं बोलता येत नाही. तो भारी पडतो अशी वलगावहून आमच्याकडे खेळायला येणाऱ्यांची कुरकुर असायची. २००६ साली कुर्बानने ती मनावर घेतली. तो कृषी विद्यापीठाच्या फार्मवर बियाण्यांच्या चाचण्या घ्यायचा. त्या वर्षी बियाणं फसलं म्हणून शेतकरी येऊन त्याला वाट्टेल ते बोलून जायचे. निदान आमच्या टेबलावर तरी सगळं बरोबर उतरावं, असं त्याला वाटलं असेल. म्हणून फार्मवर बियाण्यांचे पाडतात तसे त्याने खेळाच्या नकाशावर एल्फांचेही प्लॉट पाडले! प्रत्येक जमातीला चार प्लॉट, जागा चिठ्ठ्या टाकून, एकेका प्लॉटात वीस लढाया, मग सरासरी. जास्त भरला त्याची ताकद छाटायची, कमी भरला त्याची वाढवायची. उन्हाळा संपेपर्यंत तिघांचा आकडा एक झाला. अरे शहाण्या, मग तीन जमाती ठेवल्या कशाला? टोपीच्या रंगासाठी?

खोटं न बोलण्याचा नियम त्याने काढायला लावला. म्हणाला, “देवमनभाऊ, जे मोजता येत नाई ते कायले ठेवता?”

आचल समोरच बसली होती. “मंग त्याले माहा एल्फ म्हणू नका,” एवढं बोलून ती उठली, ती पुन्हा टेबलावर आली नाही. आता सेमाडोहला वनरक्षक आहे. घरी येते, जेवते, खेळाचं नाव काढत नाही.

५. तो नियम आचलने स्वतःच्या अक्षरात वहीत परत लिहावा. डोंगर एल्फ हरला तर हरू द्या. जिंकला तर वलगावकरांनी रडत बसावं.

६. कुर्बानला काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात, म्हणून साक्षीला मुद्दाम त्यालाच बोलावलं आहे. सही करायची तर त्याला कलम ४ वाचावं लागेल.

७. एक राहिलं. नियम काढायचा की नाही, यावर त्या दिवशी मत घेतलं होतं. दोन हात वर झाले. दुसरा माझा होता. आचलने तो पाहिला. आठ वर्षं मी तिच्यासमोर एकट्या कुर्बानला शिव्या देत आलो आणि तिने मला एकदाही टोकलं नाही.

हे लिहिताना कोणाचा धाक नव्हता, कोणी भरीस घातलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

अकोला, ११ नोव्हेंबर २०१४
(सही) देवमन नत्थुजी वानखडे

साक्षीदार:
१. माणिकबाई देवराव इंगळे, शेजारी
२. कुर्बान खाँ रहमत खाँ, निवृत्त क्षेत्र सहायक. कलम ४ आणि ७ वाचून सही केली.