तिरक्या भिंतीचा मणका

बाबा, ज्या हाडांवरून तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं होतं, ती वेगळ्याच जनावराची निघाली. लांब मानेच्या डायनासोरची ही नवी जात आहे. माझा शोधनिबंध मागच्या आठवड्यात छापून आला.

मी तेव्हा सातवीत होते. शाळेला सुट्टी म्हणून तुमच्याबरोबर कॉलेजात आले होते. भूशास्त्र विभागात तुम्ही प्रयोगशाळा परिचर. चंद्रपूरकडून प्लास्टरमध्ये गुंडाळून आलेले मानेचे तीन मणके तुमच्यापुढे आहेत, आणि दाभण नि जुना टूथब्रश घेऊन तुम्ही दगडासारखी घट्ट झालेली माती कणाकणानं काढताय. विभागप्रमुख सर येतात. तुम्ही उठून उभे राहता. "सर, याच्या बाजूच्या खळग्यात आतली भिंत तिरकी आहे. आपल्या कपाटातल्या मणक्यांत ती सरळ आहे." "दाबली गेली असेल." "दोन्ही बाजूंना सारखीच आहे, सर. आणि तिन्ही मणक्यांत." सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आपण माती काढा. जनावर कोणतं ते आम्ही बघू." तिथले दोन विद्यार्थी हसले. तुम्ही "हो सर" म्हणून परत खाली बसलात. मी फरशीकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मला राग सरांचा आलाच नाही, तुमचा आला. कशाला बोलायला गेलात?

पुढे मी एम.एस्सी.ला तोच विषय घेतला. तुम्ही निवृत्त झाला होतात. विश्रांतवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला होतात आणि मला प्रबंधाला विषय सापडत नव्हता. तुम्ही म्हणालात, "ते तीन मणके एकदा काढून बघ. अगदी खालच्या खणात आहेत." मी म्हणाले, "त्यांची नोंद जुन्याच जातीत कधीच झाली आहे, बाबा. तुम्हाला नाही कळायचं ते." तुम्ही मेथी निवडत राहिलात. त्यानंतर हाडांबद्दल माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत, आणि दोन वर्षांनी गेलात.

आता मी त्याच विभागात शिकवते. रंगकामासाठी कपाटं हलवली तेव्हा तो खण उघडला गेला. मणका उचलून खळग्यात टॉर्च मारला, तर आतली भिंत तिरकी. बाकीचे दोन्ही मणकेही मी काढून बघितले. मग चार वर्षं मापं, सीटी स्कॅन, देशोदेशीच्या संग्रहालयांतल्या हाडांशी तुलना. निबंध तपासणाऱ्या एकानं शंका काढलीच, हाडं दाबली गेली असतील. दोन्ही बाजूंना सारखीच आहे आणि तिन्ही मणक्यांत, हे तुमचं वाक्य मी इंग्रजीत लिहून पाठवलं. त्यावर पुन्हा प्रश्न आला नाही. जातीला नाव हाडं जिथे सापडली त्या गावाचं दिलं. हा फरक पहिल्यांदा कुणाला दिसला, ते शेवटी आभारात तुमच्या नावानिशी लिहिलं.

परवा विभागात पेढे वाटले. नवीन रुजू झालेल्या बाईंनी ते आभार वाचले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे गृहस्थ कोण?" लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यांना कसं कळणार? मी म्हटलं, "इथेच कामाला होते पूर्वी." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि पेढा घेऊन तासाला गेल्या.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. माझे वडील, एवढंच सांगायचं होतं. जीभ रेटली नाही, बाबा.