अहो नावाचे गृहस्थ

ता. ४ फेब्रुवारी

सौ. हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. विमानात फादरांना खिडकी मिळाली आणि मला फादरांचं डोकं. प्रवासभर ते माझ्या खांद्यावर होतं.

इथल्या चर्चच्या आवारात मुलांचं वसतिगृह आहे. कुणाचे आईबाप लांब कामाला, कुणाला ते नाहीतच. सांभाळायला एक सिस्टर आणि एक स्वयंपाकीणबाई. आपल्या चर्चच्या बाकी मंडळींना भिंती रंगवायला दिल्या आणि मला नळ. इथे न्हाणीघरातला नळ उघडला की पाणी स्वयंपाकघरात येतं, आणि स्वयंपाकघरातला उघडला की कुठेच येत नाही.

आता मूळ गोष्ट. परवा तू फोन केलास तो जेवणाच्या हॉलमधला. त्याचा कानाला लावायचा भाग बिघडलाय, म्हणून सिस्टरांनी तो भिंतीवरच्या कर्ण्याला जोडलाय. तू अहो, अहो, ऐकताय ना, अहो, असं जे सुरू केलंस ते पन्नास मुलांनी हातातला घास हातात ठेवून ऐकलं. मी गच्चीवरच्या टाकीवरून ओरडत पान्यासकट खाली धावलो. हाक आली आणि माणूस आला, तेव्हा हेच माझं नाव, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आता अख्खं आवार मला अहो म्हणतं. रविवारी मिस्सेत इथल्या फादरांनी अहोंच्या हातांना बळ मिळो अशी प्रार्थना केली. आपली मंडळी गुडघ्यांवर बसून खुसखुसत होती. आपल्या फादरांनी डोळे वटारले, पण पोट त्यांचंही हलत होतं.

तेव्हा यापुढे फोन नको, पत्र लिही. तू माझ्या पोटाच्या तक्रारीची चौकशी केलीस, ती भाषा येत नसूनही सगळ्यांना कळली. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात नुसती उकडलेली पालेभाजी होती.

तब्येतीला जप. आठवण काढत जा, मीही काढतो.

तुझाच

*

ता. १३ फेब्रुवारी

अहो,
स. न. वि. वि.

बघा, आता हे लिहितानाही हात अडखळला. उभ्या जन्मात मी तुमचं नाव घेतलं नाही. जनगणनेवाला दारात आला तेव्हासुद्धा शेजारीणबाईंकडून सांगवलं. ते काय एवढ्यासाठी? माझं म्हणून एवढं एकच हक्काचं होतं, तेही तुम्ही प्रसादासारखं वाटून मोकळे झालात.

आणि ती स्वयंपाकीणबाई काय वयाची? तीही अहो म्हणते का? तोडून म्हणते की लांबवून? सविस्तर कळवा. मला काही फरक पडत नाही, आपलं सहज विचारलं.

निवृत्त झाल्यापासून तुम्ही घरात सारखे पायात पायात येत होतात, म्हणून मीच फादरांना सांगून तुमचं नाव घातलं. म्हटलं, दीड महिना घर मोकळा श्वास घेईल. घेतला. शिलाई मशिनीवर कुणी पाना ठेवत नाही. रेडिओवर मला हवं ते लागतं. पहिले चार दिवस तर फारच छान गेले.

मोरीतला नळ अजून गळतोय. गावभरचे नळ दुरुस्त करून झाले, आता परदेशातले चालू आहेत, आणि घरच्या नळाखाली बादली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आतले कपडे उन्हात वाळवा. लोभ असावा, आणि तो माझ्यावरच असावा.

आपली
सौ.

*

ता. २२ फेब्रुवारी

सौ. हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

स्वयंपाकीणबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना मिशी आहे, माझ्यापेक्षा भरदार. त्या अहो तोडूनच म्हणतात, तेही हातातला डाव आपटून. समाधान व्हावे.

मी खुलासा करायला गेलो होतो. आपल्या फादरांनी सिस्टरांना सांगितलं, की हे नाव नव्हे, बायका नवऱ्याला मानाने अशी हाक मारतात. त्यातलं सिस्टरांना मानाने एवढंच कळलं. तेव्हापासून मुलं अहो म्हणताना टोपी काढतात. ज्यांना टोपी नाही ती दुसऱ्याची काढतात.

नळांना पाणी आलं त्या दिवशी मोठा गलका झाला. सगळ्यात लहान मुलगी आहे, तिने पहिला पेला भरला, निम्मा अंगावर सांडत माझ्यापर्यंत आणला आणि मी पिईपर्यंत समोरून हलली नाही. जेवताना माझ्या शेजारी कोण बसणार यावरून रोज मारामाऱ्या होतात. आपल्या घरी जागेवरून कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला होतंच कोण? मला इथे फार बरं वाटतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

सिस्टर म्हणतात, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत राहा, सगळे पाइप नव्याने टाकून द्या. आपली मंडळी वीस मार्चला परतणार. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तुला काय वाटतं ते मोकळेपणाने लिही.

तुझाच

*

ता. ३ मार्च

अहो,
नमस्कार.

राहा की. मी काय म्हणणार.

मी रागावलेले नाही. रागावले असते तर चार पानं लिहिली असती.

आपल्याला मूल झालं नाही, पण त्यावरून तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. मीही तो विषय काढला नाही. आता तुम्हाला घरभर लेकरं मिळाली असतील तर मी आड का येऊ? एवढंच वाटतं, की तुम्हाला अहो म्हणायला पन्नासजण आहेत, आणि मला अहो म्हणायला एकच माणूस होतं. काल सवयीने म्हणून गेले, अहो, चहा झाला. मग दोन्ही कप मीच प्याले. पित्त झालं.

काळजी घ्या. लोभाचं काय ते तुम्हीच बघा.

सौ.

*

ता. ११ मार्च

वेडाबाई,

तुझं पत्र वाचलं आणि कुणाला माझं तोंड दिसू नये म्हणून रिकाम्या टाकीत उतरलो. टाकी घुमते हे प्लंबर असून लक्षात राहिलं नाही. माझा हुंदका चौपट होऊन बाहेर आला. सगळं वसतिगृह गच्चीवर गोळा झालं, स्वयंपाकीणबाई डावासकट.

वर आलो आणि सिस्टरांना सांगून टाकलं, की बायको नाही तिथे मी नाही, वीस तारखेला मी निघतो. त्या म्हणाल्या, मग तिलाच का नाही बोलवत? इथे मुलांच्या कपड्यांना बटणं राहिलेली नाहीत. निम्मी पोरं एका हाताने चड्डी धरून प्रार्थनेला उभी राहतात.

तू येतेस की मी येऊ? तू म्हणशील तसं करीन, आणि कुरकुर करणार नाही. पत्राला वेळ लागेल, फोन कर. कर्ण्यावर केलास तरी चालेल.

तुझाच, कुठेही असलो तरी

*

ता. ९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर मी येते म्हटलं तेव्हा कर्ण्यातून टाळ्या ऐकू आल्या होत्या, हे तुला सांगितलंच. पण खरं सांगू का, मी इथे भांडायलाच आले होते. ह्यांना कानाला धरून घरी न्यायचं, असं ठरवून विमानात सगळी वाक्यं पाठ केली होती.

गाडीतून उतरले तर फाटकात सगळी पोरं उभी. एका हाताने चड्डी धरलेली, दुसरा हात हलवताहेत, आणि एका सुरात ओरडताहेत, अगं, अगं, अगं. मी माझी वाक्यं तिथेच विसरले. मला वाटलं ह्यांनीच शिकवलं असणार, पण हे शपथा घ्यायला लागले. मग उलगडा झाला. त्या पहिल्या फोनला हे टाकीवरून ओरडत आले होते ना, ते अगं ऐकतोय, अगं थांब, असं ओरडत. तेव्हा पोरांच्या लेखी हे अहो आणि मी अगं. हे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मला कळवायची छाती झाली नाही.

मी चिडलेच. परक्या पोरांनी मला, ह्या वयात, एकेरी अगं म्हणायचं म्हणजे काय? सिस्टरांना सांगून बंद करायचं ठरवलं. दुपारी बटणं लावत बसले होते. सगळ्यात लहान मुलगी आहे ती आली, मांडीला रेलली, सुटलेलं बटण माझ्यापुढे धरलं आणि हळूच अगं म्हणाली.

धाकटे, आपण लहानपणी बाबांना कशी हाक मारायचो? अहो बाबा. आणि आईला? अगं आई. ह्या लेकरांना मराठीचा म येत नाही, पण बापाला काय म्हणायचं आणि आईला काय, ते बरोबर म्हणताहेत. मला रडू आवरेना. ती पोर घाबरली, तिला वाटलं सुई टोचली. तिने माझं बोट धरून फुंकर घातली.

सुट्टीपर्यंत आम्ही दोघं इथेच आहोत. आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे राहू दे. सगळ्यांना आशीर्वाद सांग, तुझा लोभ आहेच. अजून पुष्कळ लिहायचं होतं, पण मला हाका येताहेत.

तुझी
ताई